एका खोलीचे कोठीघर

घर केवढे आहे असे कोणी विचारले, तर पुरुषमाणूस त्याची लांबी आणि रुंदी सांगतो. घर चालविणाऱ्या गृहिणीचे मोजमाप मात्र निराळे असते. सहा महिन्यांचे तांदूळ कोठे मावतील, पावसाळ्यात सरपण कोठे कोरडे राहील, पाहुणा आला म्हणजे अंथरूण कोठून काढावयाचे आणि तो गेल्यावर ते कोठे ठेवावयाचे, या प्रश्नांच्या उत्तरांवरून तिच्या लेखी घर लहान की मोठे हे ठरते. राजवाड्यांचे आणि किल्ल्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. लहान घरात चार भांडी आणि दोन पोती धान्य ठेवण्यासाठी माणसांनी जागा कशी शोधली, याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहिलेला नाही. तो वाचावयाचा असेल, तर मुंबईच्या चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडाकडे पाहावे. तेथे हा प्रश्न जितका निकराला आला, तितका तो क्वचितच कोठे आला असेल.

मुंबईस येणारी माणसे रिकाम्या हातांनी आली, तरी रिकाम्या डोक्यांनी आली नव्हती. कोकणातून, घाटावरून, गोव्यातून आलेल्या प्रत्येकाच्या मनात गावाकडच्या घराची एक घडण होती, आणि त्या घडणीत वस्तू ठेवण्याची सोय घर बांधतानाच केलेली असे. घाटावरच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड. त्या जाडीतच कोनाडे सोडलेले, देवळ्या केलेल्या, लाकडी दारांची फडताळे बसविलेली. काही घरांत तर भिंतीच्या पोटात धान्याचे बळद असे. वरून धान्य ओतावे आणि खालच्या तोंडातून लागेल तेवढे काढून घ्यावे. भिंत नुसता आडोसा नव्हती, ती घराचे कपाट होती.

जमीनही अशीच उपयोगी पडे. कोरड्या, कठीण जमिनीत पेव खणून त्यात धान्य साठवीत. पेवाचे तोंड लहान आणि पोट मोठे. ते उघडल्यावर आत लगेच उतरणे जिवावर बेतण्यासारखे असे, कारण बंद जागेतील हवा दूषित झालेली असते. म्हणून काही काळ तोंड उघडे ठेवून, आत दिवा सोडून तो विझत नाही ना हे पाहून मगच माणूस उतरे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे व्यापाऱ्यांत प्रसिद्ध होती. २००५ सालच्या महापुराने त्यांची मोठी हानी झाली, तोवर हा जुना प्रकार तेथे नांदता होता.

भिंत आणि जमीन झाली, की उरते ते छत. कोकणात आणि गोव्यात पाऊस इतका, की जमिनीत धान्य पुरण्याची सोय नाही. तेथे सगळी भिस्त माळ्यावर. नारळ, सुके सरपण, लग्नकार्याची मोठी भांडी, जुने पाळणे, सारे माळ्यावर जाई. चुलीचा धूर वर चढे आणि त्या धुराने माळ्यावरच्या वस्तूंना कीड लागत नसे. स्वयंपाकघरात तुळईला शिंके टांगलेले असे. त्यात दूध-दही मांजरापासून सुरक्षित. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, शेणाने सारवलेली बांबूची कणगी, कपड्यांसाठी वलणी आणि खुंट्या. असे ते घर होते. ते मोठे असेच असे नाही. पण भिंतीत, जमिनीत आणि छपराखाली त्याचे कोठीघर विखुरलेले असल्यामुळे राहण्याची जमीन माणसांना मोकळी मिळे.

मुंबईत हे सारे एका फटक्यात नाहीसे झाले. गिरण्या उभ्या राहिल्या, बंदर वाढले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात माणसांची रीघ लागली. जागेचे मोल चढले. घरमालकांनी एकेका वाड्याचे तुकडे करून खोल्या भाड्याने दिल्या, मागच्या मोकळ्या जागेत आणखी खोल्या उठविल्या, आणि एका खोलीत एक, कधी दोन कुटुंबे राहू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या निम्म्याहून पुष्कळ अधिक लोकसंख्येचे सारे घर म्हणजे एकच खोली, अशी स्थिती होती. या खोलीला पाठीमागे परसू नव्हते, वर स्वतःचे छप्पर नव्हते, खाली स्वतःची जमीन नव्हती. दोन बाजूंच्या भिंतीही शेजाऱ्याशी सामाईक. मग वस्तू ठेवावयाच्या कोठे?

या प्रश्नाचे एक भयंकर उत्तर १८९६ साली मिळाले. मुंबईचा मांडवी विभाग हा धान्याच्या व्यापाराचा. तेथे खाली धान्याची गुदामे आणि वर माणसांची बिऱ्हाडे, अशी दाट वस्ती होती. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात तेथील रोग्यांना तपासताना एका डॉक्टरांनी ही ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ आहे असे निदान केले. हे डॉक्टर अकासियो गाब्रियेल व्हिएगस, गोव्यातील हडफडे गावचे. त्यांच्या निदानावर प्रथम पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पण ते खरे ठरले. लोक जीव मुठीत धरून शहर सोडू लागले आणि काही महिन्यांत मुंबईचे रस्ते ओस पडले. पुढे १९०६ साली व्हिएगस मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

प्लेग कशाने पसरतो हे १८९६ साली कोणालाच नीट ठाऊक नव्हते. कोंदट हवा, घाण, ओल यांवर सर्वांचा रोख होता. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले की हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांतून पसरतो. त्यांचे म्हणणे पटावयास आणखी काही वर्षे गेली. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या मोठ्या संशोधनाने ते निर्विवाद सिद्ध केले. याचा अर्थ असा, की माणसाचे धान्य आणि माणसाची शेज ज्या ठिकाणी एकमेकांना चिकटली होती, तेथे उंदीर आला आणि उंदरामागून मृत्यू आला. साठवणीची जागा हा तोवर गृहिणीच्या सोयीचा प्रश्न समजला जात होता. तो जीवन-मरणाचा प्रश्न आहे, हे मांडवीने दाखवून दिले.

पण ही गोष्ट कळण्यापूर्वीच सरकारी उपाय सुरू झाले होते, आणि त्यांचा पहिला तडाखा बसला तो गरिबांच्या वस्तूंना. तपासणीची पथके घरांत शिरली. अंथरुणे, कपडे, जुने सामान बाहेर काढून जाळण्यात आले. उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले उतरविली गेली. भिंतींना चुना दिला गेला. जी घरे वस्तीस अयोग्य ठरली, त्यांच्यावर तशी इंग्रजी अक्षरे रंगविण्यात आली. ज्या बाईने सारा संसार एका खोलीत कसाबसा रचून बसविला होता, तिच्या दृष्टीने रोगाइतकेच हे पथकही भीतिदायक होते. तिची पेटी रस्त्यावर उघडली जाई, आणि तीत काय होते आणि काय नव्हते हे साऱ्या आळीला कळे.

या आपत्तीतून १८९८ साली मुंबई शहर सुधारणा मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेला ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाला. दाट वस्त्या पाडाव्या, रुंद रस्ते काढावे, नव्या आरोग्यदायी चाळी बांधाव्या, हे त्याचे काम. त्याच्या अधिकाऱ्यांनी उजेड आणि हवा यांचा विचार फार बारकाईने केला, हे मान्य केले पाहिजे. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३½ अंशांच्या कोनाचा नियम हिरिरीने पुढे मांडला. तो वाचावयास क्लिष्ट वाटतो, पण अर्थ सोपा आहे. खिडकीसमोर जितकी मोकळी जागा असेल, तिच्या दुपटीपेक्षा समोरची इमारत उंच असू नये. तसे असले तरच तळमजल्याच्या खोलीत पुरेसे आकाश दिसते. कंपासपेटी घेऊन शाळकरी मुलालाही पडताळून पाहता येईल असा हा नियम. प्रत्येक माणसाच्या वाट्याला किती उजेड, किती वारा, किती जमीन, याची गणिते या काळात मांडली गेली.

पुढचे पाऊल पहिल्या महायुद्धानंतर पडले. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० साली विकास खाते उघडण्यात आले. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प जाहीर झाला, आणि खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत तळमजला धरून चार मजले, दर मजल्यावर २० खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. हिशेब केला तर खोल्या सुमारे साडेसोळा हजार भरतात. संकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. याच त्या बी.डी.डी. चाळी.

या चाळी मजबूत होत्या, आगीपासून आणि वाळवीपासून सुरक्षित होत्या. परंतु प्रथम कामगारच त्यांत राहावयास उत्सुक नव्हते, आणि कित्येक खोल्या बरीच वर्षे रिकाम्या पडून होत्या. वरळी तेव्हा गिरण्यांपासून आणि बाजारापासून दूर. शिवाय त्या करड्या काँक्रीटच्या रांगा पाहून मन दबून जाई. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. त्यासाठी इमारतीत फारसा फेरफार करावा लागला नसावा, असे त्यांच्याकडे पाहून कोणासही वाटेल.

आणि त्या खोल्यांत आणखी एक उणीव होती. ती नकाशावर दिसत नाही, कारण नकाशात ती केवळ कोरी जागा आहे. काँक्रीटची भिंत पातळ; तिच्या पोटात कोनाडा कोठला आणि फडताळ कोठले? तिच्यात खुंटी ठोकणेसुद्धा कठीण, कारण खिळा वाकतो पण आत जात नाही. माणसाला हवा किती लागते हे अधिकाऱ्यांनी मोजले होते. त्याच्या तांदळाला, हंड्याला, रजईला आणि मुलाच्या पाटीला जागा किती लागते, हे मात्र मोजावयाचे राहिले होते.

हे मोजता येण्यासारखे नव्हते, असे नाही. त्याच दशकात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरातही अशीच घरटंचाई होती आणि तेथील नगरपालिकाही कामगारांसाठी लहान घरे बांधीत होती. त्या कामावरील वास्तुशिल्पी मार्गारेटं शुट्टं-लिहोत्स्की या बाईंनी १९२६ साली त्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे जेमतेम ७० चौरस फुटांचे. स्वयंपाक करणारी बाई किती पावले चालते, हात कोठवर पोचतो, याचा त्यांनी अभ्यास केला. भिंतीत ॲल्युमिनियमचे लहान खण बसविले आणि त्यांवर तांदूळ, साखर अशी नावे घातली. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा केला, कारण त्या लाकडाला पिठातील किडे लागत नाहीत. इस्त्रीची फळी भिंतीवर दुमडून ठेवता येई. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसविली गेली. पैसा तेथेही जपूनच वापरावा लागत होता. पण पीठ कोठे ठेवावयाचे हा प्रश्न तेथे भिंत उभी राहण्यापूर्वी विचारला गेला.

मुंबईत तो प्रश्न विचारला गेला भिंत उभी राहिल्यानंतर, आणि त्याचे उत्तर शोधले ते तेथे राहावयास आलेल्या बायकांनी. त्यांच्यापाशी नकाशा नव्हता की पट्टी नव्हती. गावाकडच्या घराची आठवण तेवढी होती. त्यांनी केलेली व्यवस्था कोणत्याही एका चाळीची नव्हे. गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत ती थोड्याफार फरकाने सारखीच आढळे. म्हणूनच तिला एका समाजाची युक्ती म्हणावयास हरकत नाही.

पहिली युक्ती उंचीची. जमीन वाढविता येत नाही. परंतु डोक्याच्या वरची हवा रिकामी असते. खोलीच्या एका बाजूला, दाराच्या किंवा मोरीच्या वर, फळ्यांचा पोटमाळा घातला गेला. हा कोकणातल्या माळ्याचाच लहान भाऊ. वर्षातून एकदा लागणारी वस्तू सर्वांत मागे, महिन्याला लागणारी पुढे, हा त्यावरचा नियम. भिंतीच्या कडेने डोक्याएवढ्या उंचीवर फळी गेली आणि तिच्यावर घासलेली पितळेची भांडी उजळत बसली. पाळण्यासाठी कडी वर, ओल्या कपड्यांसाठी दांडी वर. खाटेच्या पायांखाली विटा गेल्या आणि उंच झालेल्या खाटेखाली ट्रंका, कांदे-बटाट्यांची टोपली आणि कोळशाचा डबा शिरला. गावच्या घरात भिंत, जमीन आणि छत ही तीन कोठारे होती. येथे त्यांतले एकच उरले होते, आणि त्याचाच इंच न् इंच वापरला गेला.

दुसरी युक्ती आकाराची. मातीची उतरंड गोल मडक्यांची असते. गोल वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे मध्ये कोपरे वाया जातात. मोठ्या घरात ते खपते, लहान घरात खपत नाही. त्या काळी घासलेट पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून येई. रिकामा झालेला हा डबा घासूनपुसून, वरचा पत्रा कापून, त्याला झाकण बसवून घरोघर धान्यासाठी वापरला जाऊ लागला. चौकोनी डब्याला चौकोनी डबा बिनफटीचा चिकटतो, डब्यावर डबा स्थिर बसतो, आणि पत्र्यातून उंदीर शिरत नाही. मांडवीने शिकविलेला धडा विद्वानांच्या अहवालांत छापला गेला खरा. पण घरोघरी तो अंमलात आणला या पत्र्याच्या डब्याने, हे विसरता येणार नाही. ज्याने तो डबा घडविला, त्याच्या ध्यानीमनीही हे नसेल.

तिसरी युक्ती वेळेची. जागा एकच, पण दिवसाचे प्रहर आठ. पहाटे जेथे चूल पेटते, तेथेच दुपारी मूल अभ्यासाला बसते आणि रात्री चार माणसे निजतात. हे घडावयाचे तर रात्रीचे अंथरूण दिवसा दिसता कामा नये. म्हणून वळकटी बांधून ती ट्रंकांच्या चळतीवर ठेवावयाची आणि वर एक स्वच्छ चादर टाकावयाची. तीच मग पाहुण्यांची बैठक. गिरण्यांत पाळ्या असत. रात्रपाळीचा माणूस सकाळी परते, तेव्हा दिवसपाळीच्या माणसाची जागा त्याच्यासाठी मोकळी झालेली असे. आणि सर्वांची मिळून असलेली गॅलरी ही तर प्रत्येकाचीच दुसरी खोली. तेथे पाण्याचे पिंप राही, कारण नळ दिवसातून ठराविक वेळच चाले आणि पाणीही साठवावेच लागे. तेथेच उन्हाळ्यात पुरुष निजत आणि म्हातारी माणसे सकाळचे ऊन खात.

या युक्त्यांचे कौतुक करताना त्यांची किंमतही सांगितली पाहिजे. सुगीत स्वस्त असताना वर्षाचे धान्य भरून ठेवावे, ही आपल्याकडील जुनी शहाणी रीत. एका खोलीच्या बिऱ्हाडाला ती साधत नसे. पैसा एकरकमी नसे हे एक कारण, आणि पोते ठेवावयास जागा नसे हे दुसरे. मग शेर-दोन शेर धान्य कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणावयाचे, तेही पुष्कळदा उधारीवर. वाण्याचे दुकान हेच त्या खोलीचे कोठीघर झाले, आणि त्या कोठीघराचे भाडे व्याजाच्या आणि चढ्या भावाच्या रूपाने दर महिन्याला भरावे लागले. जागा नसल्यामुळे गरिबाला धान्य महाग पडले. खोलीच्या भाड्याच्या पावतीवर हा आकडा कधी लिहिला गेला नाही.

तरीही प्रश्न उरतोच. एवढ्या अडचणीत दोन-तीन पिढ्या राहिल्या कशा? त्याचे खरे उत्तर खोलीच्या बाहेर, शेकडो मैलांवर आहे. मुंबईची खोली हे पुष्कळांचे पूर्ण घर नव्हतेच. त्या घराचा मोठा भाग गावी होता. आजीच्या हातचे तांब्याचे घंगाळ, लग्नातला मोठा हंडा, गणपतीची आरास, जमिनीचे कागद, कधी म्हातारे आईबाप आणि कित्येकदा बायकामुलेसुद्धा गावीच असत. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी जाई आणि परतताना तांदळाची पिशवी, आमसुले, कुळथाचे पीठ घेऊन येई. आगबोटीतून आणि एस.टी.तून ये-जा करणारी ही गाठोडी म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्यांमधली वर्दळ होती. एक खोली मुंबईत आणि दुसरी रत्नागिरीत, साताऱ्यात किंवा साळशेतीत, इतकेच.

ज्यांना मुंबईत एक खोलीही परवडत नव्हती, त्यांनी गावच मुंबईत आणले. गोव्यातील तारवटी, आचारी आणि वादक यांनी धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ उघडले. कूड म्हणजे खोली. एकाच गावच्या माणसांनी वर्गणी काढून जागा घ्यावयाची आणि येईल त्या गावकऱ्याला तेथे आसरा द्यावयाचा, अशी ही व्यवस्था. तिची मुळे एकोणिसाव्या शतकातली. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे कित्येक कूड नांदले. आत शिरताच दोन गोष्टी नजरेत भरत. एका भिंतीला सर्वांचा मिळून असलेला आल्तार, आणि बाकीच्या भिंतींच्या कडेने ओळीने मांडलेल्या पेट्या. प्रत्येक सभासदाची एक पेटी. तारवटी महिनोन् महिने बोटीवर असे. त्याचा पलंग तेथे नसे, खोली नसे. पेटी मात्र त्याची वाट पाहत असे. तिच्यावर बसावे, तिच्यावर पत्र लिहावे, तिच्याशेजारी चटई टाकून निजावे. तिची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा. त्या वेळी आल्तारापुढची सारी जमीन पुन्हा सर्वांची होई.

घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांनीही हेच केले. बेळगावच्या शेजारच्या चंदगड-आजरा भागातील कितीतरी गावांच्या अशा खोल्या मुंबईत होत्या. खोली गावाची, भाडे सर्वांचे, जेवण खानावळीत, आणि भिंतीशी प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक. गोव्याच्या कुडातील पेटी आणि चंदगडच्या खोलीतील ट्रंक यांत फरक एवढाच, की एकीवर संताचे चित्र असे आणि दुसरीवर विठोबाचे. दोहींच्या आत ठेवलेले सामान सारखेच होते: एक ठेवणीतला सदरा, घरची पत्रे, एखादा फोटो आणि गावी न्यावयाच्या वस्तू. दाटीवाटीच्या त्या खोलीत माणसाला एकान्त मिळणे अशक्य होते. पण कुलूप लावता येईल अशी दोन-अडीच फुटांची एक जागा त्याच्या मालकीची होती, आणि तेवढ्यावर त्याने आपले स्वत्व सांभाळले. शेजाऱ्याच्या पेटीला हात लावावयाचा नाही, हा नियम कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसताना पाळला गेला.

या सर्व हकीकतीवरून असे दिसते, की लहान घरातील जास्तीची जागा पुष्कळदा घराबाहेर शोधली गेली: गॅलरीत शेजाऱ्याच्या संमतीने, दुकानात वाण्याच्या वहीवर, कुडात गावकऱ्यांच्या भरवशावर आणि गावी भावाच्या विश्वासावर. घरात जागा कमी असेल, तर माणसामाणसांतील विश्वास अधिक लागतो. तो होता म्हणून त्या खोल्या राहण्याजोग्या झाल्या. पण विश्वासाने अडचण निभावली म्हणून अडचण योग्य होती, असे मात्र कोणी म्हणू नये. गॅलरीत झोपणाऱ्याला ती हौस नव्हती. मोरीत कपडे बदलणाऱ्या सुनेला आणि आजारी सासूला एकाच खोलीत ठेवून स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारले असते, तर तिने चाळीच्या जिव्हाळ्याच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी एक भिंत मागितली असती.

आता तो काळ पालटतो आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले. २०१७ साली बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. शंभर वर्षांनी मिळालेली ती जागा पाहून कोणाचे डोळे भरून आले असतील, तर त्यात नवल नाही. गावाकडची घरे मात्र याच काळात एकामागून एक बंद होत चालली आहेत, आणि तेथील घंगाळे, हंडे आणि पाळणे शहरातल्या घरात कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न नव्या पिढीपुढे उभा राहू लागला आहे.

म्हणून नवे घर आखणाऱ्यांनी जुन्या खोलीकडून एक धडा घ्यावा. घराचा नकाशा काढताना खिडकीचा कोन मोजावा, हवेचे माप घ्यावे; ते आवश्यकच आहे. परंतु पेन्सिल खाली ठेवण्यापूर्वी, त्या घरात राहावयास येणाऱ्या बाईला एकदा विचारावे, की बाई, तुमचा तांदळाचा डबा कोठे ठेवाल, आणि म्हाताऱ्या सासऱ्यांची पेटी कोठे? मुंबईत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही, आणि त्याचे उत्तर लाखो बायकांना आयुष्यभर, रोज पहाटे वळकटी गुंडाळता गुंडाळता द्यावे लागले.